बरगड्यांचा रस्सा तवंगात का बुडतो आणि तो घरी कसा जमवायचा

भाऊ, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मुलगा पुण्याला हॉस्टेलवर राहून पोर्क खायला शिकला. सुट्टीत घरी आला म्हणून तुम्ही किलोभर बरगड्या आणल्या आणि घरच्या मटणाच्या रश्श्यासारखंच सगळं केलं. वाटीभर तेलात वाटण परतलं, काळा मसाला हात सैल सोडून घातला, कुकरच्या सहा शिट्ट्या काढल्या. झालं काय, तर वर बोटभर तवंग, रस्सा ओठांना चिकटतोय आणि मांस मात्र दाताला दाद देत नाही. आता पुन्हा करायचाय, एकाच भांड्यात, भाज्या घालून पोटभरीचा, भाकरी कुस्करून खाता येईल असा. कुठे बिनसलं आणि कसा करू, असं तुम्ही विचारलंय.

मी भुसावळला केटरिंग करते. रेल्वेचं गाव, सगळ्या प्रांतांची माणसं. ख्रिस्ती घरांच्या लग्नात, बाप्तिस्म्याला, नाताळला पोर्क मागतातच. मसाला मात्र बहुतेकांना आपलाच लागतो, काळा आणि झणझणीत. त्यामुळे तुमचा घोळ माझ्या ओळखीचा आहे. नवीन मदतनीस आला की पहिल्यांदा हाच घोळ घालतो.

बोकडाच्या मटणात चरबी बेताची असते, म्हणून आपण तेल सोडतो आणि तर्री आणतो. बरगडीत तर्रीचं सामान आधीच भरलेलं असतं. मांसाच्या दोन पदरांमध्ये, हाडाच्या कडेने, वरच्या बाजूला, सगळीकडे चरबी. त्यावर तुम्ही वाटीभर शेंगदाण्याचं तेल ओतलं, वाटणातल्या खोबऱ्याचं तेल सुटलं ते आणखी वेगळं. तवंग येणारच. पोर्कच्या रश्श्यात तेल घालायचं नसतं, काढायचं असतं. आधी बरगडीची चरबी सुटू द्यायची, जास्तीची काढून ठेवायची, उरलेल्या चरबीत मसाला परतायचा आणि मग मंद आचेवर निवांत शिजवायचं. मसाला मटणाच्या निम्मा. एवढं पाळलं की बाकीच्या गोष्टी थोड्या इकडेतिकडे झाल्या तरी रस्सा बिघडत नाही.

आता आधी खरेदी. पाच-सहा माणसांना दीड किलो बरगड्या घ्या. एक किलो पुरत नाही, कारण वजनात हाड बरंच जातं. पाठीकडच्या बरगड्या आखूड, मऊ आणि कमी चरबीच्या असतात. त्या भाजायला चांगल्या. रश्श्याला पोटाकडच्या, रुंद, थर दिसणाऱ्या बरगड्या मागा. त्यांत पांढरे चिवट पडदे जास्त असतात आणि रश्श्याला अंग त्यांच्यामुळेच येतं. विकणाऱ्याकडून आडव्या दोन-अडीच इंचांवर तोडून घ्या, एका तुकड्यात दोन हाडं राहिली तर उत्तम. फार बारीक तुकडे केले की शेवटी मांस एकीकडे आणि हाडं दुसरीकडे होतात. घरी आल्यावर प्रत्येक तुकड्यावरून बोट फिरवा, सत्तुराने तोडताना हाडाच्या किरच्या राहतात. वाहत्या पाण्याने भसाभस धुऊ नका, शिंतोडे ओट्यावर उडतात. पातेल्यातल्या पाण्यात खळबळून काढा आणि ते पाणी जपून ओता.

मांस गुलाबी-लाल, चरबी पांढरी आणि घट्ट हवी. पिवळट, मेणचट चरबी असेल, वास आंबूस असेल, तर पैसे वाचवा आणि घरी या. आणखी एक गोष्ट नीट बघा. मांसात भिजलेल्या साबुदाण्यासारखे, अर्धवट पारदर्शक, आत पांढरा ठिपका असलेले फोड दिसले तर ते मांस अजिबात घ्यायचं नाही. त्या पट्टकृमीच्या गाठी. म्हणूनच बंदिस्त पाळलेल्या डुकराचं मांस घ्यावं, उकिरड्यावर मोकाट फिरणाऱ्याचं स्वस्त मिळालं तरी नको.

या कृमीबद्दल लोकांच्या डोक्यात बराच गोंधळ आहे, तो आत्ताच मिटवते. अर्धंकच्चं पोर्क खाल्लं तर गाठीतला कृमी आतड्यात वाढतो. फीट येणारा, मेंदूत गाठी होणारा जो आजार आपण ऐकतो, तो होतो कृमीच्या अंड्यांमुळे. ती अंडी कृमी झालेल्या माणसाच्या विष्ठेतून बाहेर पडतात आणि न धुतलेल्या हातांनी किंवा घाण पाण्यावर वाढलेल्या कच्च्या पालेभाजीतून पोटात जातात. म्हणजे जन्मात पोर्क न खाल्लेल्या माणसालाही तो होऊ शकतो. रश्श्यापुरतं बोलायचं तर पोर्कचा अख्खा तुकडा आतून 63 अंश सेल्सिअसला पोचला आणि 3 मिनिटं तसाच राहिला की खायला सुरक्षित धरतात. आपण तो दोन तास त्याच्या कितीतरी वर ठेवणार आहोत. धोका पातेल्यात नाही, ओट्यावर आहे. कच्च्या मांसाची सुरी आणि फळी कोशिंबिरीच्या कांद्याला वापरू नका आणि हात साबणाने धुवा.

जवळपास ताजं मिळत नसेल तर गोठवलेलं चालतं. ते आदल्या रात्रीच फ्रीजच्या खालच्या खणात उतरवून ठेवा, ओट्यावर नको. पाकिटातल्या अखंड बरगड्यांच्या आतल्या बाजूला एक पातळ, चकचकीत पापुद्रा असतो. तो कितीही शिजवला तरी दाताखाली रबरासारखा येतो. हाडाच्या टोकाशी चमच्याच्या दांड्याने सैल करा, निसटतो म्हणून कोरड्या फडक्यात धरा आणि ओढा. लागला तर एका झटक्यात निघतो, नाहीतर तुकड्या-तुकड्यांनी काढत बसावं लागतं. विकणाऱ्याने काढून दिला असेल तर प्रश्नच नाही.

काळ्या गावठी डुकराचं मांस असेल तर वास उग्र असतो. ते गार पाण्यात बुडवून गॅसवर ठेवा, उकळी आली की 5 मिनिटं उकळू द्या, करडा फेस वर येईल, ते पाणी टाकून द्या. तुकडे धुऊन कोरडे करा आणि मग पुढचं. पांढऱ्या फार्मच्या डुकराला याची गरज नाही, उलट चव जाते. खच्ची न केलेल्या मोठ्या नराच्या मांसाला मात्र एक वेगळाच, मुतरट वास येतो. तो उकळून जात नाही आणि मसाल्याखाली झाकतही नाही. तसं मांस आलं तर परत करा. भिडेखातर ठेवून घेतलं तर मसाला वाया जातो.

तुकड्यांना 2 चहाचे चमचे मीठ, अर्धा चमचा हळद आणि चमचाभर आलं-लसूण चोळून निदान तासभर ठेवा. रात्रभर फ्रीजमध्ये ठेवता आलं तर मीठ हाडापर्यंत मुरतं. दही, व्हिनेगर, पपई असलं काही लावू नका. दोन तास शिजणाऱ्या मांसाला पपई लावली तर वरचा भाग पिठूळ होतो आणि आतला आपल्या वेळेनेच शिजतो.

भांडं जाड बुडाचं, पाच-सहा लिटरचं घ्या. मी हिंडालियमचं पातेलं वापरते. तुमच्याकडे फक्त मोठा कुकर असेल तर तोच घ्या, झाकण न लावता त्यातच परता, म्हणजे एकाच भांड्याचं गणित राहतं. पातळ ॲल्युमिनियमचं पातेलं नको, खाली धरतं आणि करपट वास सगळ्या रश्श्यात उतरतो.

पातेलं तापलं की फक्त चमचाभर तेल, तेही तुकडे सुरुवातीला चिकटू नयेत म्हणून. बरगड्या फडक्याने टिपून घ्या, आलं-लसणाचा चोथा झटकून टाका नाहीतर तो जळतो. चरबीची बाजू खाली करून एका थरात मांडा. दीड किलो एकदम ओतलं तर पाणी सुटतं आणि मांस भाजण्याऐवजी उकडतं, म्हणून दोन-तीन घाणे करा. मध्यम आच. आणि हलवू नका. पहिली चार मिनिटं तुकडा बुडाला धरून बसतो, ओढला तर फाटतो. खालची बाजू तांबूस झाली की आपोआप सुटतो. मग उलटा. आवाजावरूनही कळतं: आधी पाण्याचा तडतडाट असतो, पाणी संपलं की तो बारीक, एकसारख्या चर्र आवाजावर येतो. चरबी सुटून तळायला लागली, असा त्याचा अर्थ. प्रत्येक घाण्याला आठ-दहा मिनिटं द्या.

आता पातेल्यात बघा. चमचाभर तेल घातलं होतं आणि चांगली अर्धी वाटी चरबी जमलेली असेल. ती वाटीत ओतून घ्या आणि पातेल्यात तीन मोठे चमचे ठेवा, जास्त नाही. आपल्याकडे हे करताना जिवावर येतं, मला माहीत आहे. तर्रीशिवाय रस्सा म्हणजे लग्नाशिवाय वरात, असं समजणारा आपला मुलूख. पण लाल रंग येतो तो मिरचीचा, आणि मिरचीचा रंग कुठल्याही स्निग्ध पदार्थात उतरतो. या तीन चमच्यांतच वर लालभडक तर्री येईल, तीही पोर्कच्या स्वतःच्या चवीची.

वाटणाचं सांगते. 4 मध्यम कांदे सालासकट गॅसच्या जाळावर ठेवा, बाहेरून काळे आणि आत मऊ होईपर्यंत. चूल पेटत असेल तर निखाऱ्यात खुपसा, त्याला तोड नाही. करपलेलं वरचं साल काढा, थोडं काळं राहिलं तर राहू द्या. सुकं खोबरं पाव वाटीच, तेही जाळावर धरून भाजलेलं. मटणाला आपण अख्खी वाटी घालतो, इथे ते तेल आणि ओशटपणा वाढवतं. लसणाचा एक गड्डा, दोन इंच आलं, मूठभर कोथिंबीर देठांसकट. हे सगळं थोड्या पाण्यावर गंधासारखं वाटा. शेंगदाण्याचं कूट घालू नका. मटणाच्या रश्श्याला काही घरी लावतात, पण इथे त्याचं तेल फुकटची भर.

काळा मसाला दीड मोठा चमचा. तुम्ही चार घातले असतील असा माझा अंदाज आहे, कारण रस्सा कडवट झाल्याचंही तुम्ही लिहिलंय. दगडफूल, लवंग, मसाला वेलची, चक्रीफूल हे सगळं काळ्या मसाल्यात असतं आणि पोर्कचं मांस मुळात गोडसर. लवंग-दगडफूल जास्त झालं की ते गोडसरपण मरतं आणि नुसता औषधी कडूपणा मागे राहतो. बोकडाचं मांस तेवढा मसाला पचवतं, डुकराचं पचवत नाही. तिखट दोन चहाचे चमचे. नंदुरबारच्या पथारीवर वाळवलेली मिरची घरात असेल तर तिचा तिखटपणा ओळखून घाला. रंगाला कमी वाटलं तर चमचाभर ब्याडगी मिसळा, पण तिखटाने रंग आणायला जाऊ नका.

ठेवलेल्या चरबीत तमालपत्र आणि चार मिरे टाका, मग वाटण. ते सात-आठ मिनिटं मध्यम आचेवर परता. बाजूने चरबी सुटायला लागली की आच बारीक करून तिखट आणि काळा मसाला घाला, अर्धा मिनिट हलवा आणि लगेच अर्धी वाटी गरम पाणी. कोरडा मसाला चरबीत दोन मिनिटं राहिला तरी करपतो. या पाण्याने बुडाला धरलेली तांबूस खरवडही सुटते, ती लाकडी कालथ्याने नीट खरवडून घ्या. रश्श्याची निम्मी चव तिथे असते, ती घासणीखाली घालवू नका. करपून काळी झाली असेल तर मात्र वाटण परतण्याआधीच पातेलं पुसून घ्या.

बरगड्या परत आत टाका, त्यांच्या ताटलीत साचलेलं पाणीही ओता. वर कढत पाणी, साधारण दीड लिटर, तुकडे बुडून बोटभर वर राहील इतकं. एक उकळी येऊ द्या, फेस काढा आणि आच अगदी बारीक करा. वर ताट झाका आणि ताटात पाणी ओता. आपल्या आज्या मटणाला हेच करायच्या आणि ती पद्धत पोर्कला आणखी मानवते. ताटावरचं पाणी आतली वाफ थंड करून परत खाली पाडतं, रस्सा आटत नाही, आणि मध्येच पाणी कमी वाटलं तर तेच तापलेलं पाणी आत घालता येतं. शिजत्या मांसात गार पाणी ओतलं की शिजणं थबकतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, तुमचं मांस चिवट का राहिलं ते. बरगडीचं मांस दिवसभर काम करणाऱ्या स्नायूंचं असतं, डूकर श्वास घेतं तेव्हा तेच हलतं. त्यात जे पांढरे पडदे आणि धागे दिसतात, ते 70 अंशांच्या पुढे हळूहळू विरघळायला लागतात आणि रश्श्यात उतरतात. त्यांना उष्णतेइतकाच वेळही लागतो. तासाभराने झाकण उघडून बघितलं तर मांस आधीपेक्षा कडक वाटतं, कारण तंतू आवळून पाणी सोडून बसलेले असतात आणि पडदे अजून विरघळलेले नसतात. बहुतेक लोक याच टप्प्यावर घाबरतात आणि आच मोठी करतात. खळखळ उकळलं की तंतू आणखी आवळतात, चरबी रश्श्यात घुसळली जाते आणि तो गढूळ, चिकट होतो. तुमचा रस्सा ओठांना चिकटला त्यात याचा वाटा होता. पृष्ठभागावर कडेकडेने एखाद-दुसरा बुडबुडा येत राहील एवढीच आच ठेवा आणि थांबा. फार्मच्या बरगड्यांना दीड ते दोन तास, गावठीला अडीच, कधी तीनसुद्धा.

चुलीवर करणार असाल तर सरपणाचा विचार करा. कपाशीच्या पऱ्हाट्या आणि तुराट्या भडकतात आणि विझतात, त्यांच्यावर अशी आच राखता येत नाही. उकळी आणायला त्या वापरा. नंतर बाभळीचं लाकूड लावून त्याचे निखारे पसरा आणि ज्वाळ पातेल्याला लागू देऊ नका.

कुकरच वापरायचा असेल तर शिट्ट्या मोजणं सोडा. कुकरमध्ये तापमान 120 अंशांच्या आसपास जातं, त्यामुळे काम लवकर होतं खरं. पण मोठ्या आचेवर पटापट सहा शिट्ट्या काढल्या तर मांसाला जेमतेम दहा-बारा मिनिटं मिळतात, आणि तुमचं तेच झालं. मोठ्या आचेवर एक शिट्टी घ्या, मग बारीक आचेवर फार्मच्या पोर्कला 20 ते 25 मिनिटं, गावठीला 35 ते 40. वाफ आपोआप जिरू द्या. शिट्टी उचलून वाफ सोडली की आतला रस्सा एकदम उकळतो आणि मांस कोरडं पडतं. कुकरमध्ये पाणी आटत नाही म्हणून सुरुवातीला लिटरभरच घाला. चव सांगायची तर पातेल्याचा रस्सा उजवा, पण कुकरचा वाईट नाही. रविवारी वेळ असेल तर पातेलं, कामाच्या दिवशी कुकर, एवढंच.

शिजलं की नाही ते हाडाकडे बघून ठरवा. मांस हाडाच्या टोकावरून सेंटिमीटरभर मागे सरकलेलं असतं. सुरीचं टोक खुपसून थोडं फिरवलं तर विरोध होत नाही. हाड धरून पिळलं तर फिरतं, पण गळून पडत नाही. मांस हाडावरून गळून पडलंच पाहिजे, असं हल्ली जो तो सांगतो. मला ते पटत नाही. गळून पडलेल्या मांसाचा रश्श्यात चोथा होतो आणि हाड हातात धरून खाण्यातली निम्मी मजा जाते.

भाज्या शेवटच्या 20 मिनिटांत. बटाटे 3, मोठे, नुसते अर्धे करून. गाजर 2, जाड तुकडे. आणि माझी आवड म्हणजे कच्ची केळी. रावेर-यावलच्या बागांतली केळी आपल्या दाराशी येतात, आपण ती वेफर्सला नाहीतर भाजीला वापरतो. पोर्कच्या रश्श्यात तिचा तुकडा बटाट्यापेक्षा चांगला आकार धरतो आणि चरबी शोषून घेतो. दोन केळी सोलून दोन-दोन इंचांचे तुकडे करा, हळद-मिठाच्या पाण्यात ठेवा म्हणजे काळी पडत नाहीत, आणि बटाट्यानंतर सात-आठ मिनिटांनी घाला. त्यानंतर कालथा घालू नका, पातेलं दोन्ही कानांनी धरून हलवा. केळं मीठही पितं, म्हणून मीठ चाखायचं ते भाज्या शिजल्यावर.

रस्सा दाट हवा असेल तर आणखी एक उपाय. थंडीत जळगावकडची भरताची वांगी येतात, फिकट हिरवी, मोठी, कमी बियांची. त्यातलं एक भाजून, सोलून, गर कुस्करून भाज्यांबरोबर घाला. ते रश्श्यात विरून जातं आणि त्याचा धुरकट वास राहतो. वांग्याचे दिवस नसतील तर मोठा चमचाभर ज्वारीचं किंवा बाजरीचं पीठ कोरडं भाजून, पाण्यात कालवून लावा. मैदा किंवा कॉर्नफ्लोअर नको, रस्सा बुळबुळीत होतो.

आंबट शेवटीच. चिंचेचा कोळ दोन चमचे, नसेल तर व्हिनेगर चमचाभर, उन्हाळ्यात कैरीची फोड. चरबीच्या पदार्थाला आंबट लागतंच, त्याशिवाय दुसरा घास जड जातो. पण ते आधी घातलं तर बटाटा तासभर शिजला तरी मध्यभागी कचकचीत राहतो, कारण आंबट पाण्यात भाज्यांचं पेक्टिन सुटत नाही. टोमॅटो मी घालत नाही. घालायचाच असेल तर एक, तोही वाटणाबरोबर पूर्ण आटवून. चिमूटभर गूळ चालेल, पण आधी चव बघा.

गॅस बंद करून दहा-पंधरा मिनिटं तसंच ठेवा. चरबी वर येते, डावाच्या पाठीने हळूच दाबून हवी तेवढी काढा. तर्री पुरती राहू द्या, बोटभर नको. मीठ जास्त झालं असेल तर बटाटे टाकून ते शोषलं जाईल या आशेवर राहू नका. बिनमिठाचं कढत पाणी आणि थोडी आणखी चिंच, हाच उपाय.

वाढायला दादर ज्वारीची भाकरी किंवा कळण्याची. माझा कौल कळण्याला, ज्वारीबरोबर उडीद दळलेले असल्याने ती रश्श्यात कुस्करली तरी लगदा होत नाही. सोबत कच्चा कांदा आणि लिंबू पुरे. ठेचा ठेवू नका, मांसाची चव कळू द्या. मुलाला पुण्याच्या सवयीने पाव लागला तर तोही चालेल. आणि जेवायला बाहेरचं कुणी येणार असेल तर ताटावर बसण्याआधी हे कसलं मटण आहे ते स्पष्ट सांगा. आपल्या गल्ल्यांमध्ये न खाणारी घरं पुष्कळ असतात, नंतर कळलं तर कायमचं मन दुखतं.

उरलेला रस्सा दुसऱ्या दिवशी जास्त चांगला लागतो. मात्र आपल्याकडचा मे महिना म्हणजे पारा 45 च्या घरात. रस्सा ओट्यावर ठेवून झोपायचं नाही. थंडीत दोन तासांच्या आत, उन्हाळ्यात तासाभराच्या आत फ्रीजमध्ये गेला पाहिजे. मोठं पातेलं आतून गार व्हायला वेळ लागतो, म्हणून दोन पसरट डब्यांत काढा. सकाळी तो थिजलेला, थरथरणारा दिसेल. त्याला घाबरू नका, हाडांचं आणि पडद्यांचं जिलेटिन उतरलंय, म्हणजे काम नीट झालंय. वर जमलेला चरबीचा पांढरा थर सुरीने उचलला जातो. ज्यांना रात्री चरबी काढणं जमत नाही त्यांनी आदल्या दिवशीच रस्सा करावा, हे त्याचं सोपं उत्तर. तीन-चार दिवस टिकतो. लागेल तेवढाच बाहेर काढून पूर्ण उकळी येईपर्यंत तापवा. डीप फ्रीझरला टाकायचा तर बटाटे आणि केळी आधी काढून घ्या, ती नंतर वाळूसारखी लागतात.

सुरुवातीला वाटीत काढून ठेवलेली चरबी टाकू नका. गाळून काचेच्या बरणीत भरा, फ्रीजमध्ये महिनाभर सहज राहते. तिच्यात कांदा परतून अंडी करा, वांग्याचे काप तळा, छान होतात. पण बरणीवर ठळक चिठ्ठी लावा. थिजल्यावर ती तुपासारखी दिसते आणि सकाळी घाईत कुणीतरी वरणावर सोडतं.